कोण कोण जाणार आहे? वाशीतील एका परदेशी शिक्षण सल्ला सेवेचा अनुभव

परदेशी विद्यापीठात शिकायला जायचे आणि नवरा व सात वर्षांची मुलगी यांनाही बरोबर न्यायचे, असे आमच्या घरात ठरले तेव्हा या कामात नेमका कोणता सल्ला लागतो याची मला फारशी कल्पना नव्हती. गेल्या दीड वर्षात मी अशा दोन सल्ला सेवा जवळून पाहिल्या. पहिली ठाणे स्थानकापासून चालत दहा मिनिटांवरची आणि मोफत होती. दुसरी वाशीच्या सेक्टर १७मधील, पैसे घेणारी. हे परीक्षण दुसऱ्या सेवेचे आहे; पण पहिल्या ठिकाणी काय घडले ते सांगितल्याशिवाय दुसरीचे मोल कळणार नाही, म्हणून सुरुवात तेथूनच करते. दोन्हींची नावे मी लिहिलेली नाहीत. पहिलीविषयी माझी तक्रार आहे, दुसरीविषयीही काही आक्षेप आहेत, आणि नावापेक्षा त्या टेबलावर कोणते प्रश्न विचारले गेले हे कळणे वाचणाऱ्याला अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

आमची परिस्थिती अशी होती. मी मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. आहे आणि तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत दहा वर्षे काम करते. चौकशी सुरू केली तेव्हा माझे वय ३४ होते. नवरा नेटवर्क इंजिनिअर आहे, मुलगी पाचपाखाडीतील मराठी माध्यमाच्या शाळेत जाते, आणि मी सकाळी ७ वाजता घर सोडत असल्याने तिला खऱ्या अर्थाने सासूबाईंनीच वाढवले आहे. एकटीने परदेशी जाऊन दोन वर्षांनी परत येणे हा पर्याय आम्ही पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवला होता. मुलीचे सातवे आणि आठवे वर्ष फोनच्या पडद्यावर पाहण्याची माझी तयारी नव्हती, आणि हे मी ठाण्यातील केंद्रात पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले होते.

तेथील समुपदेशकाने गुणपत्रिका पाहिल्या, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण विचारले आणि अर्ध्या तासात ब्रिटनमधील चार विद्यापीठांची यादी पुढे ठेवली. चारही अभ्यासक्रम एका वर्षाचे, वर्गात शिकवले जाणारे मास्टर्स होते. कुटुंबाचे काय, या माझ्या प्रश्नावर "नवऱ्याला आणि मुलीला डिपेंडंट व्हिसा मिळतो, ते आपण शेवटी पाहू" असे उत्तर मिळाले. ही गोष्ट २०२४ सालच्या जुलै महिन्यातील आहे. ब्रिटनने हा नियम १ जानेवारी २०२४ रोजीच बदलला होता. त्या तारखेपासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांपैकी पीएच.डी. किंवा तत्सम डॉक्टरेट, संशोधनावर आधारलेली उच्च पदवी, अथवा सरकारी शिष्यवृत्तीवरचा सहा महिन्यांहून मोठा अभ्यासक्रम असेल तरच विद्यार्थ्याला जोडीदार आणि मुले बरोबर नेता येतात; शिकवल्या जाणाऱ्या साध्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला नेता येत नाहीत. आमच्यापुढच्या यादीतील चारही अभ्यासक्रम नेमके या शेवटच्या गटातील होते.

विद्यापीठाकडे अनामत रक्कम भरण्याच्या आदल्या रात्री नवऱ्याने ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरील पान वाचले, म्हणून पैसे वाचले. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारल्यावर "मॅडम, आधी तुम्ही जा, बाकीचे मागून येतील" असे सांगण्यात आले. तेही खरे नव्हते, कारण कुटुंब केव्हा येते याला या नियमात महत्त्व नाही, विद्यार्थी कोणत्या प्रकारचा अभ्यासक्रम शिकतो याला आहे. एका आईला असे वाक्य सहजपणे सांगितले जावे आणि त्यावर विसंबून ती विमानात बसावी, हे किती गंभीर आहे याची जाणीव त्या टेबलापलीकडे कोणालाच नव्हती, आणि माझा राग आजही त्यासाठीच आहे. तीन महिने गेले ते वेगळेच.

मोफत सल्ला कसा परवडतो हेही येथे सांगितले पाहिजे. बहुतेक केंद्रांना विद्यापीठे प्रवेश घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमिशन देतात. त्यात बेकायदा किंवा लपवाछपवीचे काही नाही, आणि एकट्या, तरुण, वर्षभराचा अभ्यासक्रम करून नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्याचे त्यातून भलेही होते. परंतु कमिशन विद्यार्थ्यावर मिळते, त्याच्या बायको-मुलांवर मिळत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी कुटुंब हा फाइलच्या शेवटच्या पानावरचा विषय राहतो. आणि ज्याला बिऱ्हाड घेऊन जायचे आहे त्याचा पहिलाच प्रश्न तो असतो, कारण देश, विद्यापीठ आणि पदवीचा प्रकार या तिन्ही गोष्टी त्याच्याच उत्तरावर ठरतात.

वाशीच्या सेवेचे नाव मला प्रयोगशाळेतील एका सहकारी मैत्रिणीने सुचवले. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला उतरायचे आणि रिक्षाने सेक्टर १७ गाठायचे. तुर्भ्याहून सुटल्यावर मला ते जवळच पडत असे, फक्त घराच्या उलट दिशेला. कार्यालय दोन खोल्यांचे, त्यात एक अनुभवी सल्लागार बाई आणि कागदपत्रे पाहणारा एक सहायक. भिंतीवर विद्यापीठांचे झेंडे नव्हते. पूर्ण कामाची फी ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये, तीन हप्त्यांत. ज्या विद्यापीठांकडून कमिशन मिळते त्यांची यादी त्यांनी विचारण्यापूर्वीच दाखवली आणि त्यांपैकी एखाद्यात प्रवेश घेतल्यास फीची निम्मी रक्कम परत देऊ असे लेखी दिले. हा करार दोन पानांचा आणि मराठीत समजावून सांगितलेला होता. मला हा व्यवहार स्वच्छ वाटला.

त्यांच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर गुण किंवा भाषेच्या परीक्षेचा रकाना नाही. पहिला प्रश्न आहे, "कोण कोण जाणार आहे?", आणि त्याखाली प्रत्येकाचे पासपोर्टवरील नाव, जन्मतारीख, आजार आणि शिक्षण. दुसरा प्रश्न, "कोण मागे राहणार आहे आणि त्यांच्याकडे कोण पाहणार?" सासूबाई माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांना खुर्ची देऊन बाईंनी पहिल्या दहा मिनिटांतच सांगितले, "काकू, विद्यार्थ्याबरोबर आई-वडील किंवा सासू-सासरे यांना न्यायची सोय आपण पाहतो आहोत त्यांपैकी कोणत्याच देशात नाही. तुम्हाला पाहुण्या म्हणून जाता येईल, राहायला म्हणून नाही." घरात आम्ही हा विषय काढण्याचे टाळत होतो. एका परक्या बाईने तो इतक्या सरळपणे आणि आदराने मांडल्यामुळे घरी परतताना लोकलमध्ये आम्ही दोघी त्यावर मोकळेपणाने बोलू शकलो.

पुढची दीड तासाची बैठक या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग होता. बाईंनी कोऱ्या कागदावर देश लिहून प्रत्येकापुढे तीनच गोष्टी मांडल्या: जोडीदार येऊ शकतो का, त्याला काम करता येते का, आणि मुलीच्या शाळेचे काय. अमेरिकेत एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला आणि मुलांना एफ-२ व्हिसा मिळतो, प्रत्येकासाठी विद्यापीठाकडून आय-२० नावाचे स्वतंत्र प्रवेश-प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मुले सरकारी शाळेत जाऊ शकतात; पण एफ-२वर असलेल्या नवऱ्याला नोकरी करता येत नाही. कॅनडाने २१ जानेवारी २०२५पासून जोडीदाराचा खुला (कोणाकडेही नोकरी करू देणारा) कार्य परवाना डॉक्टरेटच्या, किमान १६ महिन्यांच्या मास्टर्सच्या आणि काही ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांपुरता ठेवला. त्यापेक्षा लहान मास्टर्स घेतले तर नवरा घरी बसणार. (आमची पहिली बैठक त्याआधीची होती, पण हा बदल जाहीर होताच त्यांनी स्वतः फोन करून कागदावरची ओळ दुरुस्त करायला सांगितली.) जर्मनीत विद्यार्थ्याच्या सरकारी आरोग्य विम्यात उत्पन्न नसलेला जोडीदार आणि मुले जादा हप्ता न भरता सामावतात, ही मोठी जमेची बाजू, मात्र जोडीदाराला साधारणपणे ए-१ म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचे जर्मन येणे आवश्यक असते, आणि एका विद्यार्थ्यासाठी वर्षाला जे ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात (ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात ते फक्त त्याचे एकट्याचे असतात.

ब्रिटनचा पर्यायही त्यांनी पूर्ण पुसला नाही. संशोधन पदवी घेतली तर तो दार उघडे ठेवतो, हे सांगून त्यांनी खर्च मांडला. लंडनबाहेर प्रत्येक अवलंबित व्यक्तीसाठी महिना ६८० पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, म्हणजे नवरा आणि मुलगी मिळून १२,२४० पौंड. लंडनमध्ये हाच दर ८४५ पौंड आहे. हे पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खर्चाची रक्कम त्याहून निराळी. शिवाय तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार विद्यार्थी आणि त्याच्या कुटुंबीयांना माणशी वर्षाला ७७६ पौंड, तोही संपूर्ण व्हिसाचा एकदम आगाऊ. चार वर्षांच्या पीएच.डी. व्हिसावर आम्हा तिघांचा हा आकडा ९,३१२ पौंड होतो. ठाण्यातील केंद्रात हा अधिभार मला फक्त माझ्या एकटीचा सांगितला गेला होता.

कागदाच्या तळाशी ऑस्ट्रेलिया होते. तेथे मास्टर्स किंवा डॉक्टरेट करणाऱ्याच्या जोडीदाराला कामाच्या तासांची मर्यादा नाही. स्वतः विद्यार्थ्याला सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची आहे, संशोधन पदवीच्या विद्यार्थ्याला मात्र तीही नाही. नवऱ्याच्या कामाच्या दृष्टीने हा देश आम्हाला सोयीचा दिसत होता आणि मी दोन वर्षांच्या साध्या मास्टर्सवर खूणही केली होती. तेव्हा बाईंनी माझी जन्मतारीख पुन्हा पाहिली आणि एक गोष्ट सांगितली, जी मला दुसऱ्या कोणीही सांगितली नसती. शिक्षणानंतर तेथे राहून काम करण्याचा जो तात्पुरता पदवीधर व्हिसा मिळतो, त्याची वयोमर्यादा १ जुलै २०२४पासून ५० वरून ३५ वर आणण्यात आली आहे. मी पदवी पूर्ण करेपर्यंत ३७ वर्षांची होणार होते. नवऱ्याने नोकरी सोडायची, मुलीची शाळा बदलायची, सगळी बचत मोडायची आणि पदवी हातात पडताच परतीचे तिकीट काढायचे, असा तो हिशेब झाला असता. संशोधनाधारित मास्टर्स आणि पीएच.डी. यांना मात्र जुनी ५० वर्षांची मर्यादाच लागू राहिली आहे.

त्या संध्याकाळी माझी दिशा बदलली. वर्गात बसून करायच्या पदवीऐवजी संशोधनाची पदवी, हा विचार मी यापूर्वी केलाच नव्हता, कारण कोणत्याही मोफत यादीत ती नव्हती. अशा प्रवेशासाठी आधी मार्गदर्शक प्राध्यापक शोधावा लागतो, त्याला संशोधनाचा प्रस्ताव पाठवावा लागतो, अनेक पत्रांना उत्तर येत नाही, आणि हे काम कोणताही एजंट आपल्यासाठी करू शकत नाही. वाशीच्या बाईंनीही ते केले नाही. त्यांनी माझ्या प्रस्तावाचा मसुदा दोनदा वाचून दुरुस्त्या सुचवल्या, आणि दहा वर्षांच्या प्रयोगशाळेतील कामाचे वर्णन कसे करावे हे दाखवले. पत्रे मी स्वतः पाठवली. सात महिन्यांनी ब्रिस्बेनमधील एका विद्यापीठाने दोन वर्षांच्या संशोधन मास्टर्ससाठी फी माफीसह प्रवेश दिला. विद्यापीठ त्यांच्या कमिशनच्या यादीत नव्हते, म्हणून मला फीतील निम्मी रक्कम परत मिळाली नाही. त्याचे मला वाईट वाटले नाही.

व्हिसा अर्जाच्या कामात ही सेवा शिस्तीची आहे. आर्थिक क्षमतेचा तक्ता त्यांनी नियमातील आकड्यांसह लिहून दिला. ऑस्ट्रेलियाने १० मे २०२४पासून ठरवलेले वार्षिक निर्वाहाचे आकडे असे: विद्यार्थ्यासाठी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर, जोडीदारासाठी १०,३९४, मुलासाठी ४,४४९ आणि शाळकरी मुलाच्या शाळेसाठी १३,५०२. आम्हा तिघांची ही बेरीज ५८,०५५ डॉलर होते, म्हणजे ३० लाख रुपयांहून अधिक, आणि त्यात विमानाचे भाडे नाही. मुलीच्या एका वर्षाच्या शाळेचा आकडा तिच्या जेवणखाणाच्या आकड्याच्या तिप्पट आहे, हे पाहून आम्ही दोघेही काही वेळ गप्प बसलो. प्रत्यक्षात सरकारी शाळेची फी आणि सवलती राज्याराज्यांत वेगळ्या आहेत आणि संशोधन पदवीच्या विद्यार्थ्यांच्या मुलांना काही ठिकाणी सूट मिळते. परंतु ती सूट गृहीत धरून घर सोडू नका, राज्याच्या शिक्षण विभागाकडून लेखी घ्या, असे त्यांनी बजावले. व्हिसा अर्जाची मूळ फीसुद्धा १ जुलै २०२५पासून १,६०० वरून २,००० डॉलर झाली, आणि कुटुंबातील प्रत्येकाची फी त्यावर वेगळी पडते.

आणखी एक बारकावा त्यांनी वेळेवर सांगितला. कुटुंब मागाहून येणार असले तरी त्याची नोंद विद्यार्थ्याच्या पहिल्याच अर्जात करावी लागते. तेथे जोडीदार किंवा मूल दाखवले नाही तर नंतर त्यांना याच व्हिसावर आणणे जवळजवळ अशक्य होते. अर्ज सोपा व्हावा म्हणून "आता फक्त तुमचाच भरू" असे सांगणारी माणसे आहेत, हे मी पाहिले आहे. आम्ही तिघांचा अर्ज एकत्रच केला.

नावांचा प्रश्न मात्र आमच्याकडच्या प्रत्येक घरात निघेल, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा, पदवी माहेरच्या नावाची, आणि मुलीच्या जन्म दाखल्यावर आईचे नाव म्हणून नुसतेच पहिले नाव. त्यातच आमचे लग्न २०१४ सालचे आणि त्याची नोंदणी आम्ही केलेलीच नव्हती. परदेशी व्हिसा अधिकाऱ्याला मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे हे कळण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने त्या तीन वेगवेगळ्या बायका असू शकतात. बाईंनी पहिल्या महिन्यातच या कामाला लावले. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विवाह नोंदणी, त्यासाठी लग्नपत्रिका, लग्नातील फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. जन्म दाखल्यात आईच्या पूर्ण नावाची दुरुस्ती. आणि मी दोन्ही नावांनी ओळखली जाते असे प्रतिज्ञापत्र. गुरुजी डोंबिवलीचे, त्यांना अकरा वर्षांनी शोधून काढायला सासूबाईंची जुनी वही उपयोगी पडली. हे सगळे व्हायला अडीच महिने लागले. प्रवेशाचे पत्र हातात आल्यावर ही धावपळ सुरू केली असती तर सत्र निघून गेले असते, आणि तशी उदाहरणे त्या कार्यालयात माझ्या डोळ्यांसमोर बसलेली होती.

वैद्यकीय तपासणीबाबतही आधी सांगितले गेले याचा फायदा झाला. ती मुंबईतील मान्यताप्राप्त डॉक्टरांकडेच करावी लागते. मोठ्यांच्या छातीचा एक्स-रे होतो, आणि क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशांतील २ ते १० वर्षांच्या मुलांची क्षयरोगासाठी रक्त तपासणी होते. सुईला घाबरणाऱ्या मुलीला आम्ही चार दिवस आधीपासून तयार करू शकलो.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप शैक्षणिक कर्जाच्या कागदाबद्दल आहे. बँकेने दिलेल्या मंजुरीपत्रात कर्ज "विद्यार्थिनीच्या निर्वाह खर्चासाठी" असे लिहिले होते. त्यात नवरा आणि मुलगी यांचा खर्च येत नाही, ही गोष्ट वाशीच्या कार्यालयात कागद पोहोचल्यानंतर सहायकाच्या लक्षात आली. ज्या सेवेचा पहिला प्रश्नच कुटुंबाविषयी आहे, तिने बँकेत जाण्यापूर्वी हे सांगायला हवे होते. बँकेने बदल करून दिला नाही, कर्ज शिक्षणापुरतेच असते असे सांगितले, आणि कुटुंबाच्या वाट्याची रक्कम आम्हाला मुदत ठेव व नवऱ्याचा भविष्य निर्वाह निधी यांतून दाखवावी लागली. तीन आठवडे त्यात गेले. बाईंनी चूक मान्य केली आणि आपल्या यादीत ती ओळ वाढवली, हे नोंदवते. पण त्या तीन आठवड्यांतील झोप आम्हाला परत मिळाली नाही.

दुसरा आक्षेप विम्याचा. तेथे राहण्याच्या पूर्ण काळासाठी विद्यार्थ्यासह कुटुंबाचा आरोग्य विमा घेणे सक्तीचे आहे, आणि कौटुंबिक विमा एकट्याच्या विम्याच्या कितीतरी पट महाग पडतो. कार्यालयाने आम्हाला एकाच कंपनीचा दर दिला. मी स्वतः तीन कंपन्यांचे दर पाहिले तेव्हा तेच संरक्षण बऱ्याच कमी पैशांत मिळाले. विद्यापीठांकडून मिळणारे कमिशन ज्या मोकळेपणाने सांगितले, तोच मोकळेपणा विम्याच्या बाबतीत मला दिसला नाही. याशिवाय सहायक फोन उचलत नाही, आणि शनिवारी दुपारनंतर कार्यालय बंद असते, जे नोकरी करणाऱ्यांना अडचणीचे आहे.

व्हिसाचा सल्ला कोण देतो हेही विचारून घ्यावे. ऑस्ट्रेलियात स्थलांतराचा सल्ला देणाऱ्यांची सरकारी नोंदणी असते आणि ती यादी कोणालाही पाहता येते. वाशीच्या बाई स्वतः नोंदणीकृत नाहीत. त्या तेथील एका नोंदणीकृत सल्लागाराबरोबर काम करतात. हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले, त्या सल्लागाराचा नोंदणी क्रमांक दिला आणि तो माझ्याकडूनच माझ्या फोनवर तपासून घेतला. आमच्या अर्जावर त्या सल्लागाराशी एकदा व्हिडिओवर बोलणेही झाले.

मुलीच्या शाळेबाबत त्यांची मदत अर्धीच झाली, पण त्यातली एक सूचना फार चांगली होती. ऑस्ट्रेलियात शाळेचे वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरात संपते. संशोधनाचे काम मला जुलैतही सुरू करता आले असते. बाईंनी जानेवारी सुचवला, कारण तसे केल्यास मुलगी वर्षाच्या पहिल्याच दिवशी इतर मुलांबरोबर वर्गात बसेल. व्हिसाच्या अटीनुसार शालेय वयाच्या मुलाला शाळेत घालावेच लागते, त्यामुळे बराच काळ घरी ठेवून पाहू हा पर्याय नसतोच. तिची प्रगतिपुस्तके मराठीत आहेत. त्यांची अधिकृत भाषांतरे त्यांनी करून घेतली. मराठी माध्यमातून एकदम इंग्रजी शाळेत ती कशी रुळेल, ही माझी सर्वांत मोठी काळजी होती. इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नाही अशा मुलांना तेथील शाळांत वेगळी मदत मिळते, हे त्यांनी सांगितले. पण घराजवळची शाळा कशी शोधायची, प्रवेशाचा अर्ज केव्हा करायचा, हे मात्र "तिथे गेल्यावर पाहा" यावर सोडले. ते आम्ही स्वतः शिक्षण विभागाला पत्रे लिहून करून घेतले. ३५,४०० रुपयांत एवढे अपेक्षित धरावे की नाही यावर मतभेद होऊ शकेल. मला वाटते, धरावे.

ही सेवा कोणी घ्यावी? एकट्याने जाणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाला तिची गरज पडेल असे वाटत नाही. विद्यापीठाचे पान आणि दूतावासाचे पान नीट वाचले तर त्याचे काम होईल. पण ज्यांचे वय तिशीच्या पुढे आहे, ज्यांच्याबरोबर जोडीदार आणि मुले आहेत, आणि एका कागदाच्या चुकीने ज्यांचे घर दोन देशांत विभागले जाईल, त्यांनी देश ठरवण्यापूर्वी या बैठकीसाठी वाशीला जावे. फक्त पहिल्या बैठकीचे ३,००० रुपये वेगळे भरता येतात आणि माझ्या मते सर्वाधिक मोल तेथेच आहे. जाताना विवाह नोंदणी दाखला, सर्वांचे पासपोर्ट आणि मुलांचे जन्म दाखले घेऊन जावे. बँकेचे मंजुरीपत्र त्यांना दाखवल्याशिवाय अंतिम करू नये. आणि विम्याचे दर स्वतः पाहावेत.

आमचे व्हिसे नोव्हेंबरात आले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे निघतो आहोत, आणि काल शेवटच्या हप्त्याची पावती घ्यायला गेले तेव्हा बाईंनी एक कागद हातात ठेवला. तो सासूबाईंच्या पाहुणा व्हिसासाठी लागणाऱ्या कागदांचा होता, आणि त्यासाठी त्यांनी वेगळी फी घेतली नाही; तेथे घराचा भाडेकरार झाला की साधारण सहा महिन्यांनी अर्ज करा, असे सांगितले. यादीत पहिलीच ओळ आहे, "आजींचा पासपोर्ट". तो अजून काढलेला नाही. वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्रातील भेटीची वेळ पुढच्या मंगळवारी सकाळी ११ वाजताची मिळाली आहे, आणि मी त्या दिवशी रजा घेतली आहे.